आजाऱ्यास प्रथम काय विचारावे?

परवा कीर्तन आटोपून आम्ही जरा टेकलो होतो, तोच एक परिचित गृहस्थ जवळ आले. त्यांचा थोरला मुलगा इंग्लंडात, धाकटा अमेरिकेत. म्हणाले, “बुवा, थोरला म्हणतो, इकडे इस्पितळात पैसे मागत नाहीत, पण शस्त्रक्रियेला महिनोन्महिने थांबवतात. धाकटा म्हणतो, इकडे लवकर होते, पण बिल पाहून छाती दडपते. यांत न्यायाची रीत कोणती?”

प्रश्न मार्मिक आहे. दोन्ही पक्ष पाहू.

इंग्लंडात 5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. महायुद्धाने देश खंगलेला, तरी आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांनी ती उभी केली. हे गृहस्थ वेल्समधील कोळशाच्या खाणीत राबलेले. त्यांच्या ट्रेडेगर गावी कामगार मजुरीतून थोडे थोडे पैसे जमवीत आणि त्यातून आजाऱ्याचे औषधपाणी होई. आपल्या दिंडीतल्या भिशीसारखेच म्हणा ना! तीच रीत त्यांनी साऱ्या देशाला लावली. खर्च मुख्यतः करांतून. पुढे 1951 साली चष्मे व कवळ्या यांवर आकार बसवायचे ठरले, तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडले.

अमेरिकेत पुष्कळांचा विमा नोकरीबरोबर येतो. नोकरी गेली की तोही डळमळतो. 1965 साली सरकारने वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ व गरिबांसाठी ‘मेडिकेड’ काढले. तरी 2023 साली अडीच कोटींहून अधिक माणसे विम्यावाचून होती. माणशी खर्च मात्र इंग्लंडच्या दुपटीच्या घरात!

यावर कोणी म्हणेल, वैद्यालाही पोट आहे. आणि फुकटच्या दारी रांग लागायचीच. खरे आहे. 2023 साली इंग्लंडात उपचारांची खोळंबलेली प्रकरणे 75 लाखांवर गेली होती. दुखरा गुडघा धरून बसलेल्यास “फुकट आहे ना?” म्हणणे ही थट्टाच होय.

पण विचार करा. भाजी महाग वाटली तर आपण पुढच्या दुकानी जातो. छातीत कळ आलेला माणूस कोणाशी घासाघीस करणार? जिथे एक पक्ष असहाय, तिथे सौदा कसला? चरकसंहितेतही चिकित्सेचा बाजार मांडणाऱ्यास दोष दिला आहे. वैद्याने वेतन जरूर घ्यावे, परंतु दारात आलेल्यास प्रथम “काय दुखते?” विचारावे, “पैसे कोण देणार?” हे नव्हे. रांग लागते ती डॉक्टर, परिचारिका, खाटा अपुऱ्या पडतात म्हणून. धडधाकटांनी हात सैल सोडला तर ती आखूड होईल. पण पैशांअभावी जो दाराशीच आला नाही, त्याला रांगेतही जागा नाही.

गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, “बुवा, धाकट्याची नोकरी गेल्या महिन्यात सुटली. सूनबाईला सातवा महिना आहे.”

प्रश्न कुठून आला होता, ते तेव्हा आम्हांस कळले. सज्जनहो, भिशी भरायची ती पाय धड असतानाच. वाटेत कोणाचा पाय मोडेल, हे निघताना कोणास ठाऊक असते?