देह कुणासाठी आणायचा?

फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिमेला काशिने नावाचं मोठं उद्यान आहे. ते संपतं तिथे मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते आणि त्या संगमावर, छत्रीखाली, एका मराठी राजाचा अर्धपुतळा आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली इंग्लंडचा दौरा आटोपून परतत होते. वाटेत फ्लॉरेन्सला 30 नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. वय अवघं 20. सुएझ कालवा उघडून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं आणि देह कोल्हापूरला नेण्याचा विचार व्यवहारात बसणारा नव्हता. दहन करावं, तर इटलीत तशी रीत नव्हती. आधुनिक दहनगृहात तिथलं पहिलं दहन झालं ते मिलानला, 1876 साली. तरीही सोबतच्या मंडळींनी नगरपालिकेची खास परवानगी मिळवली, दोन नद्या जिथे भेटतात ती जागा पाहिली आणि तिथे चिता रचली. घर लांब होतं, पण संगम हाताशी होता.

आज दुबईत, दोह्यात किंवा न्यू जर्सीत माणूस गेला की गावाकडून पहिला प्रश्न येतो, ‘कधी आणताय?’ आणायचं की नाही, हे कुणी विचारत नाही. तिकडेच अग्नी दिला असं कळलं, तर दहाव्याला घाटावर कुजबुज होते, की बिचाऱ्याला घरची माती मिळाली नाही, आता त्याला गती कशी मिळणार? ही कुजबुज त्या घराला वर्षानुवर्षं छळते. म्हणूनच तिला धर्माचा कितपत आधार आहे, हे पाहायला हवं.

परदेशी मेलेल्याचं काय करायचं, हा प्रश्न फार जुना आहे. ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेत तो थेट विचारलेला आहे: अग्निहोत्री घरापासून दूर वारला, तर त्याच्या अग्निहोत्राचं काय? उत्तर असं, की देह घरी पोचेपर्यंत अग्नी विझू द्यायचा नाही. आहुती मात्र नेहमीच्या दुधाची नाही. जी गाय दुसरीच्या वासराला पाजते, तिचं दूध घ्यायचं, कारण मेलेल्याचं अग्निहोत्र जिवंत माणसासारखं असू शकत नाही. इतक्या जुन्या काळी कुणीतरी त्या मधल्या दिवसांचा विचार केला होता. माणूस गेला आहे आणि अजून घरी आलेला नाही, अशा दिवसांसाठी वेगळं दूध सांगावंसं वाटलं, यात केवढी माया आहे!

आणि देह मिळालाच नाही तर? त्याचंही उत्तर तिथेच आहे. पळसाचे 360 देठ घेऊन माणसाची आकृती करायची आणि तिला अग्नी द्यायचा. (चरकसंहितेनेही माणसाची हाडं 360च मोजली आहेत.) हाच पुढे पालाशविधी म्हणून रूढ झाला. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांच्या ‘धर्मसिंधू’सारख्या ग्रंथांतून तो अठराव्या शतकाअखेरपर्यंत भटजींच्या हाती होता. थोडक्यात, देह आणता आला तर आणावा, हे शास्त्राला मान्य आहे. पण तो आला नाही म्हणून मेलेला माणूस अधांतरी राहतो, हे शास्त्राने कधीच मानलं नाही. त्याच्यासाठी दार उघडं ठेवलेलं आहे.

दुसरा घोळ दिवसांचा. मृत्यू सोमवारी, देह पुढच्या मंगळवारी येणार, मग दहावा कधी? भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’च्या चौथ्या खंडात अशौचाचं हे सगळं जंजाळ उलगडून दाखवलं आहे. अग्निहोत्र्याचे दिवस दहनापासून मोजायचे आणि इतरांचे मृत्यूपासून. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात दूरदेशीच्या मृत्यूची वार्ता उशिरा कळण्याचाही विचार आहे. दहा दिवसांच्या आत कळली, तर उरलेले दिवस पाळायचे. दहा दिवसांनंतर कळली, तर तीन रात्री. वर्ष उलटलं असेल, तर नुसतं स्नान. आज अनेक घरांत अग्नी दिला त्या दिवसापासून मोजतात, आणि तेही समजण्यासारखं आहे. अडचणीतल्या माणसाला पेलेल एवढंच ओझं द्यायचं, हा त्या जुन्या नियमांचा कल आहे. आजच्या नातेवाइकांनी तो कल विसरू नये.

इस्लाममध्ये तर दफन लवकरात लवकर करण्यावर भर आहे आणि देह लांब नेणं अनेक फकिहांनी, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, नापसंत ठरवलं आहे. हजला गेलेल्याचं निधन झालं, तर त्याचं दफन सौदीतच होतं आणि घरचे ते भाग्य मानतात. पारशी समाजाने 1862 पासून लंडनजवळ ब्रुकवुडला आपली दफनभूमी राखली. जमशेटजी टाटा 1904 साली जर्मनीत बाड नाउहाइमला वारले, त्यांनाही ब्रुकवुडलाच ठेवलं आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या या 22 वर्षांच्या जवानाचा पुतळा माणगावला आहे. देह मात्र इटलीतच राहिला.

मग देह आणूच नये का? तसं मुळीच नाही.

2014 साली इराकमध्ये मोसुलजवळ 39 भारतीय कामगार मारले गेले. त्यातून निसटून आलेल्या एकाने बाकीचे मेल्याचं सांगितलं होतं, तरी घरच्यांनी आशा सोडली नाही. सामूहिक कबरीतले अवशेष डीएनए जुळवून ओळखले गेले आणि एप्रिल 2018 मध्ये 38 जणांचे अवशेष अमृतसरला उतरले. ती चार वर्षं त्या घरांतल्या बायका सौभाग्यवती होत्या की विधवा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. देहाची खरी गरज इथे कळते. मेलेल्याची सोय पळसाच्या देठांनी होते. जिवंत माणसाला पटण्यासाठी चेहरा लागतो, निदान पेटी तरी लागते. हा हट्ट नाही, शोकाची ती पहिली पायरी आहे, आणि देह मागणाऱ्या आईला कुणी गीतेतला जुन्या वस्त्राचा दृष्टान्त ऐकवू नये.

मात्र काय येणार आहे, हे तिला आधी नीट सांगायला हवं. मृत्यूचा दाखला, रद्द केलेला पासपोर्ट, भारतीय दूतावासाचं ना हरकत पत्र, रसायनं भरून देह टिकवल्याचं प्रमाणपत्र, विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याची मंजुरी अशा कागदांतून वाट काढत पेटी मालवाहतुकीच्या विभागात येते. पोलीस तपास लागला, तर आठवडे जातात. एवढ्या दिवसांनी आलेल्या देहाला आंघोळ घालणं, नवे कपडे चढवणं बहुधा जमत नाही. तोंडात तुळशीपत्र ठेवायचं राहून जातं. त्यापेक्षा तिकडेच अग्नी देऊन अस्थी नाशिकच्या रामकुंडात किंवा गावच्या नदीत सोडायच्या, असं एखाद्या मुलीने ठरवलं, तर तिने बापाचं काही उणं केलेलं नाही.

खरा अन्याय आहे तो निवडीला जागाच नसण्याचा. चांगल्या पगाराच्या नोकरदाराचे कागद कंपनी धावून करते. आखातात बांधकामावर मेलेल्या मजुराची बायको एजंटाला फोन लावत बसते. कुवेतमधल्या मंगफच्या आगीत जून 2024 मध्ये गेलेल्या 45 भारतीयांसाठी हवाई दलाचं विमान गेलं, ते योग्यच झालं. पण एकट्यादुकट्याच्या मृत्यूची बातमी होत नाही. त्यांच्यासाठी 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. गरजूंचे पार्थिव आणण्याचा खर्च दूतावास त्यातून करू शकतो. ज्यांच्या पासपोर्टला परदेशी कामासाठी सरकारी मंजुरी लागते, त्या कामगारांच्या प्रवासी भारतीय बीमा योजनेतही पार्थिव आणण्याची तरतूद आहे. विम्याचा तो कागद आणि पासपोर्टची प्रत माणूस विमानात बसण्याआधीच घरातल्या पेटीत असायला हवी, आणि ती कुठे आहे हे बायकोला ठाऊक हवं.