मोतीबिंदू आणि प्रारब्ध

चाकणजवळच्या एका गावी काल्याचे कीर्तन आटोपल्यावर सत्तरीतल्या एक आजी पाया पडावयास आल्या. म्हणाल्या, "महाराज, पोथीची अक्षरं दिसंनात. प्रारब्ध, दुसरं काय!" बाहुलीत पांढरी झाक स्पष्ट होती. दोघे मुलगे कारखान्यात. त्यांचा खाडा नको, म्हणून माउली गप्प.

नेत्ररुग्णालयात म्हाताऱ्या माणसांच्या रांगेत हा विकार नित्याचा. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी गाठलेल्यांच्या अंधत्वापैकी शेकडा ६६ मोतीबिंदूमुळे आढळले. वयोमानाने डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम बसविले की, डोळ्यात दुसरा दोष नसल्यास, पुन्हा दिसू लागते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही कफज लिंगनाशावर शलाकेने वेध करण्याचा विधी आहे. तेव्हा उपाय करणे ही काही आजची टूम नव्हे.

कोणी म्हणेल, प्रारब्ध भोगूनच सरते ना? मग भूकही प्रारब्धाचीच म्हणावी. पण पंगतीला आपण उशीर करीत नाही! आजींना सोसण्याचे बळ नामाने दिले, हे खरे. परंतु त्या सोसण्याच्या आडोशाला घरचे निश्चिंत राहिले, तेही प्रारब्धच काय? आणि देहाची उपेक्षा करा, असे व्यासपीठावरून वर्षानुवर्षे सांगणारा मी. त्यांनी ते अक्षरशः घेतले असेल, तर दोष कोणाचा?

धाकट्याला बाजूला बोलाविले. तो म्हणाला, "आई कधी बोललीच नाही, महाराज." मी विचारले, "आणि तू?" तो खाली बघत राहिला.