रोग आणि शुद्धता



'मांस खाणाऱ्यांना कर्करोग होतो. शाकाहारी माणूस शुद्ध, म्हणून निरोगी.' असे कोणी बोलले की आपण मान खाली घालता काय? त्याऐवजी या वाक्याची फोड करा. त्यात दोन विधाने आहेत. एक रोगाविषयी, दुसरे शुद्धतेविषयी.

पहिले विधान तपासता येते. अमेरिकेत सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट नावाचा ख्रिस्ती पंथ आहे. तो तंबाखू व दारू वर्ज्य मानतो. शाकाहाराचा पुरस्कार करतो, पण सक्ती करीत नाही. त्यामुळे एकाच श्रद्धेच्या, बहुतांशी निर्व्यसनी माणसांची ताटे मात्र निरनिराळी असतात. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा ७७ हजारांहून अधिक लोकांवर सरासरी ७ वर्षे लक्ष ठेवले. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मांस टाळणाऱ्या किंवा क्वचित खाणाऱ्या लोकांत मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाचा धोका २२ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे तेवढ्याच मांसाहारी लोकांत १०० रुग्ण, तर यांच्यात सुमारे ७८. शून्य नव्हे! आणि सर्वांत कमी धोका कोणाला? मांस जवळजवळ न खाणाऱ्या, पण मासे खाणाऱ्यांना. त्यांचा धोका ४३ टक्क्यांनी कमी होता.

तेव्हा आहाराचा रोगाशी संबंध दिसतो, हे प्रांजळपणे मान्य करा. ताटात डाळ, भाजी, फळे वाढवा. पण 'शुद्धता' या आकड्यांत कोठे आहे? आतड्याला जात कळत नाही. मासे खाणारा शाकाहाऱ्याहून शुद्ध, असे कोणी म्हणेल काय?

देवदत्ताने भिक्षूंना मांस-मासे सक्तीने वर्ज्य करा, अशी मागणी केली. भगवंतांनी ती नाकारली. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले वा तसा संशय आला, तर मात्र ते मांस भिक्षूने घेऊ नये, असे सांगितले. प्रश्न हिंसेचा होता, विटाळाचा नव्हता.

आता आपल्या घरात पाहा. मशेरीच्या डबीत मांसाचा कण नसतो. तरीही तंबाखू हे तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण आहे. ती डबी बाजूला न सारता नुसते मटण सोडले, तर आपण शेजाऱ्याला भ्यालो, रोगाला नव्हे. आहार बदलायचा तर कारण समजून बदला. लाजेने बदलू नका.