पाचांतला एक

कोच मनोलो मार्केस गोव्याला निघाले, तेव्हा २०२३च्या उन्हाळ्यात हैदराबाद एफसीच्या पिवळ्या जर्सीवाल्यांपुढे एकच प्रश्न होता: आता कोण? कोच गेला की कुठल्याही क्लबच्या चाहत्यांत ठरलेले तट पडतात. कोणी म्हणतं, स्पॅनिशच हवा, पासिंगचा खेळ टिकला पाहिजे. कोणी म्हणतं, किती दिवस परदेशी माणसांच्या नाकदुऱ्या काढायच्या, भारतीय कोचला एकदा पूर्ण मोसम द्या की. तिसरा गट नावांच्या भानगडीतच पडत नाही. त्याला गेलेला माणूस परत हवा असतो. भांडण फुटबॉलचं दिसतं, पण त्याच्या पोटात फार जुना प्रश्न आहे. जे घडतं ते घडवतं कोण?

गीतेच्या अठराव्या अध्यायात या प्रश्नाला चक्क यादी करून उत्तर दिलं आहे. कुठलंही कर्म पाच कारणांनी सिद्धीला जातं: अधिष्ठान, कर्ता, करणं, चेष्टा आणि पाचवं दैव. म्हणजे काम ज्यावर उभं राहतं तो आधार, करणारा, त्याची साधनं, त्या साधनांची हालचाल आणि कोणाच्याच हातात नसलेला भाग. हे पाच असताना जो एकट्यालाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असा शेराही तिथेच पुढे मारलेला आहे. ज्ञानेश्वरांनी ही पाचही कारणं ओवीमागून ओवी उलगडून दाखवली. भाष्यकारांचा रोख आत्म्याच्या अकर्तेपणाकडे आहे, हैदराबादच्या गचिबोवली मैदानाकडे नाही, हे खरं. पण यादी हैदराबादला लावून पाहण्यासारखी आहे.

२० मार्च २०२२. गोव्यातलं फातोर्डा स्टेडियम, इंडियन सुपर लीगची (आयएसएल) अंतिम लढत, समोर केरळ ब्लास्टर्स. ६८व्या मिनिटाला राहुल के. पी.ने केरळला पुढे नेलं. हैदराबादचा मोसमभर गोल करत आलेला बार्थोलोम्यू ओगबेचे त्या संध्याकाळी गप्प होता. दोन मिनिटं उरली असताना बदली म्हणून उतरलेल्या साहिल ताव्होराने बॉक्सबाहेरून व्हॉली मारली आणि बरोबरी झाली. मग पेनल्ट्या. गोलमध्ये लक्ष्मीकांत कट्टीमणी. त्याने तीन अडवल्या आणि हैदराबादने ३-१ने चषक घेतला. ताव्होरा आणि कट्टीमणी दोघेही गोव्याचे, म्हणजे घरच्या मैदानावर परक्या शहरासाठी जिंकले, ही आणखी एक गंमत. आता हिशेब करावा. ताव्होराला उतरवण्याचा निर्णय मनोलोंचा, तो कर्त्याच्या खात्यात. पण ती व्हॉली चार बोटं वरून गेली असती, तर तोच निर्णय दुसऱ्या दिवशी अक्कलशून्य ठरला असता.

मुळात मनोलो तिथे असण्यातही पाचव्या कारणाचा हात होता. २०२०च्या मोसमासाठी क्लबने आल्बर्ट रोका यांना निवडलं होतं. त्यांना बार्सिलोनाचं बोलावणं आलं, ते गेले आणि ऑगस्टअखेर घाईघाईने मनोलो आले. हैदराबादच्या चाहत्यांनी डोक्यावर घेतलेला माणूस हा असा दुसऱ्या क्रमांकाची पसंती होता.

ते गेल्यावर संघ आला त्यांच्याच हाताखालच्या थांगबोई सिंगटो आणि आयर्लंडच्या कॉनर नेस्टर यांच्याकडे. लागोपाठ दोन मोसम साखळीत दुसरा राहिलेला संघ २०२३-२४मध्ये तळाला गेला; २२ सामन्यांत जिंकला एक. कोच बदलला आणि संघ बुडाला, इतकी सरळ गोष्ट वाटते. पण त्याच मोसमात पगार थकले होते, थकबाकीपायी नवे खेळाडू घेण्यावर फिफाची बंदी आली होती, परदेशी खेळाडू एकेक करून निघून गेले होते आणि कोवळी पोरं मैदानात होती. अधिष्ठानच खचलं, करणंही गेली. अशा वेळी कर्त्याच्या जागी मनोलो काय आणि ग्वार्डिओला काय!

तरीही चाहते बोलत राहतात ते कोचबद्दलच. त्याला कारण आहे. पाचांपैकी चेहरा फक्त कर्त्याला असतो. थकलेल्या पगाराचं पोस्टर लावता येत नाही, ताळेबंदाच्या नावाने घोषणा देता येत नाहीत. शिवाय ‘हा नको, तो आणा’ म्हणण्यात निदान आपला काही अधिकार चालतो असं वाटतं. बास तेर वील या डच अर्थतज्ज्ञाने १९८६ ते २००४ या काळातल्या नेदरलँड्सच्या क्लबांचे निकाल तपासून २०११मध्ये दाखवून दिलं की पडत्या काळात कोच काढल्यावर संघ सावरतो खरा, पण तितकीच घसरण होऊनही ज्यांनी कोच ठेवला तेही तसेच सावरतात. हा निष्कर्ष वाचून एखाद्या चाहत्याने वाद घालणं सोडलं असेल, असं मात्र वाटत नाही.

मग कर्त्याला काहीच मोल नाही का? हैदराबादेत असं म्हणण्याची सोय नाही, कारण हे सय्यद अब्दुल रहीम यांचं शहर. पेशाने शिक्षक. १९४३पासून मरेपर्यंत हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव. त्यांच्या सिटी पोलीस संघाने मुंबईत येऊन १९५० ते १९५४ असा ओळीने पाच वर्षं रोव्हर्स कप नेला. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ची आशियाई सुवर्णपदकं मिळवली आणि मधे १९५६ला मेलबर्न ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठली. पण रहीमसाहेबांची पद्धत पाहिली तर ते नुसते कर्ते नव्हते, करणं घडवणारे होते. पोरांना कच्च्या पायाने खेळायला लावायचे, चेंडू पायात न घोळवता लगेच द्यायची सवय लावायचे. जकार्तात १९६२ला बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले. हेडिंगचे घाव नकोत म्हणून बचावातून काढलेल्या या गड्याला घरी न बसवता रहीमनी पुढच्या फळीत खेळवलं. जर्नेलने उपांत्य सामन्यात गोल केला, अंतिम सामन्यात कोरियाविरुद्धही केला आणि भारत २-१ने जिंकला. दुखापत हे दैव. तिचं काय करायचं, हे कर्त्याचं.

या शहरात तकदीर म्हणजे नशीब आणि तदबीर म्हणजे प्रयत्न, हे शब्द जोडीनेच बोलले जातात. आधी उंट बांध, मग अल्लावर भरवसा ठेव, असं पैगंबरांनी एका बदूला सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. गीतेची यादी आणि ही हदीस यांचे देव, जग, मोक्षाच्या कल्पना सगळ्या वेगळ्या. मात्र माणसाचा वाटा किती, एवढ्यापुरतं दोघी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: शून्यही नाही आणि सगळाही नाही. चाहत्यांच्या वादात बहुधा या दोनच टोकांवरून आवाज येतात.

एरवी हैदराबाद एफसीपुरता तो वाद आता मिटलाच आहे. एफसी पुणे सिटी बंद पडल्यावर २०१९मध्ये त्याची जागा या क्लबने घेतली होती. बालेवाडीत बसून पुढचा कोच कोण यावर भांडणारे पुणेकर तेव्हा एका रात्रीत बिनकामाचे झाले. २०२५मध्ये क्लब दिल्लीला गेला आणि हैदराबादकरांवर तीच वेळ आली. कोचबद्दल बोलता बोलता अधिष्ठानच दोनदा उचलून नेलं गेलं.

रहीम ११ जून १९६३ला कर्करोगाने गेले. पुढच्या वर्षी हॅरी राइट या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली भारत आशियाई चषकात उपविजेता ठरला. चुनी गोस्वामी, जर्नेल ही त्या संघातली मंडळी रहीमच्या तालमीतली. नोंदीत प्रशिक्षक म्हणून नाव राइट यांचं आहे, आणि आशियाई चषकात त्याहून वरचा क्रमांक भारताला अजून मिळालेला नाही.