दोष सांगून केलेला सौदा



काही महिन्यांपूर्वी आसनगाव येथे जुमाच्या नमाजनंतर एका ज्येष्ठ बांधवांनी मला थांबवले. त्यांचे अर्धे आयुष्य मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी चालवण्यात गेले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली पद्मिनी हीच त्यांच्या संसाराची अन्नदाती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सी-व्यवसायातून ही गाडी कायमची निवृत्त झाली. तिची आठवण म्हणून त्यांनी एक जुनी खासगी पद्मिनी विकत घेतली होती. ती पूर्ववत करून नातवंडांना फिरवावे, एवढीच त्यांची इच्छा होती. इंजिन सुरू झाले, आसनांची शिलाई झाली. परंतु पुढे गुडघे थकले, पैसा संपला आणि गाडी ताडपत्रीखाली तशीच राहिली. शहापूरचा पाऊस आपण जाणताच. फ्लोअरचा पत्रा गंजून चाळणी झाला.

ते म्हणाले, “मौलाना, नातीच्या कॉलेजची फी भरायची आहे. मुंबईहून गिऱ्हाईक येणार आहे. मध्यस्थ म्हणतो, खाली पत्रा चिकटवा, पुट्टी भरा, वरून काळा रंग मारा. किंमत दुप्पट येईल. गिऱ्हाईकाने विचारले नाही, तर आपण सांगायलाच हवे का?”

मी कबूल करतो, फीची नोटीस पाहून क्षणभर माझीही जीभ जड झाली. गरजवंताला धर्म सांगणे सोपे नसते. तरीही मी म्हणालो, “चाचा, सांगायलाच हवे.”

बंधूंनो, अपूर्ण वस्तू विकणे हा गुन्हा नाही. शरीअतने त्यास मनाई केलेली नाही. अपूर्णता उघड असते. विकत घेणारा ती डोळ्यांनी पाहतो आणि त्यानुसार किंमत ठरवतो. गुन्हा आहे तो झाकण्याचा. सहीह मुस्लिममधील हदीस सर्वपरिचित आहे. बाजारातील धान्याच्या राशीत प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. आपण (सल्ल.) त्याला पावसाबद्दल दोष दिला नाही. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, एवढेच विचारले. आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. पाऊस अल्लाहचा होता, झाकणे मात्र माणसाचे होते. चाचांच्या गाडीलाही पावसानेच गंज चढवला. त्या गंजावरची पुट्टी मात्र माणसाच्या हातची असती.

या ठिकाणी गोष्ट केवळ पैशाची नाही. ट्रकला असते तशी स्वतंत्र लोखंडी चौकट या गाडीला नसते. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. तोच कुजलेला असेल आणि वर रंग चमकत असेल, तर एखादे कुटुंब विश्वासाने त्यात बसून महामार्गावर निघेल. लपवलेल्या दोषाची किंमत तेव्हा कोण मोजणार?

“विचारले नाही, म्हणून सांगितले नाही,” या सबबीचे उत्तर हजरत वासिला बिन असकअ (रजि.) यांच्या आचरणात मिळते. एका गृहस्थाने उंटीण विकत घेतली. ती धष्टपुष्ट दिसत होती. हजरत वासिला (रजि.) त्याच्यामागे घाईने गेले आणि विचारले, ही मांसासाठी घेतली की प्रवासासाठी? हजच्या प्रवासासाठी, असे तो म्हणाला. तेव्हा त्यांनी सांगितले की, तिच्या पायाला छिद्र आहे. विकणारा नाराज झाला, आपला सौदा बिघडवला म्हणाला. त्यावर त्यांनी प्रेषितांची शिकवण ऐकवली: विकणाऱ्याने दोष सांगणे बंधनकारक आहेच, पण ज्याला तो दोष ठाऊक आहे, त्यानेही गप्प राहणे वैध नाही. म्हणजे मेकॅनिक, मध्यस्थ, शेजारी, आणि विचारले गेले तर इमामसुद्धा, या जबाबदारीतून सुटत नाहीत.

“जशी आहे तशी” या अटीवर केलेल्या विक्रीविषयी फकीहांमध्ये तपशिलाचे मतभेद आहेत. मात्र ठाऊक असलेला दोष मुद्दाम लपवणे ही फसवणूक होय, यात मतभेद नाही. म्हणूनच सौद्यापूर्वीचा दोष नंतर उघडकीस आल्यास वस्तू परत करण्याचा हक्क फिकहने ग्राहकाला दिला आहे. त्यास ‘खियारे ऐब’ म्हणतात.

ग्राहकावरही जबाबदारी आहे. हजरत शुऐब (अलै.) यांनी आपल्या लोकांना माप पुरे भरण्याबरोबरच, कोणाच्या वस्तूचे मोल घटवू नका, हेही बजावले होते. विकणाऱ्याची नड ओळखून चांगल्या भागांनाही भंगार ठरवणे, हाही अन्यायच.

चाचांनी नातीकडून कागदावर यादी लिहून घेतली: काय दुरुस्त झाले, काय बाकी आहे, पत्रा कोठे कुजला, कोणते सुटे भाग सोबत मिळतील, आरसी बुकावरील इंजिन क्रमांक जुळतो की नाही. पहिले गिऱ्हाईक यादी वाचून निघून गेले. दोन महिन्यांनी दुसरे आले आणि अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी किमतीत गाडी घेऊन गेले. फीची उरलेली रक्कम हप्त्यांनी भरली जात आहे. सत्याचा मोबदला लगेच रुपयांत मिळतो, असे मी सांगणार नाही. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या हदीसमध्ये खरे बोलून दोष उघड करणाऱ्यांच्या सौद्यात बरकतीचे आश्वासन आहे, आणि बरकत म्हणजे केवळ नोटांची संख्या नव्हे. त्या घरातील मुलीने स्वतःच्या हाताने ती यादी लिहिली. आपले आजोबा नड असतानाही खोटे बोलले नाहीत, हे ती आयुष्यभर विसरणार नाही. फीच्या पैशाने जे शिक्षण मिळते, त्याहून हे शिक्षण कमी नाही.

आपल्या घरात विकायला काढलेली दुचाकी असेल, म्हैस असेल, जमीन असेल किंवा जुना मोबाईल. आज एकदा त्याची यादी करून पाहा. जी ओळ लिहिताना हात थांबेल, तीच ओळ ग्राहकाला सर्वप्रथम सांगण्याची आहे.

अल्लाह तआला आपल्या कमाईला हलाल ठेवो, गरजेच्या वेळी आपली जीभ सत्यावर स्थिर ठेवो आणि ज्यांनी सत्यासाठी नुकसान सोसले, त्यांना दोन्ही जगांत त्याचा उत्तम मोबदला देवो. आमीन.