पाहुणीच्या वाट्याचं पाणी

सोलापूर रस्त्यावरचं टेंभुर्णी सगळ्यांना ठाऊक असतं. मी म्हणतो ते आपल्या मराठवाड्यातल्या जाफराबाद तालुक्यातलं. समजा, तिथे एखाद्या घरी परदेशी मुलगी स्वयंसेवक म्हणून दोन-तीन महिने राहायला आली. ती शाळेत इंग्रजी शिकवेल, भिंती रंगवेल, पोरांबरोबर फोटो काढेल. संस्थेच्या अहवालात हे सगळं येईल. येणार नाही ती त्या घरातली सून.

पाहुणी आली म्हणजे काम कुणाचं वाढतं? पहाटे चुलीवर आणखी एक पातेलं चढतं. ज्वारीची भाकरी तिला जाईना म्हणून चार पोळ्या वेगळ्या, तिखट सोसेना म्हणून वरण वेगळं. उन्हाळ्यात नळाचा नेम नसतो. टँकर आला की ड्रम भरायला धावायचं आणि मग हंड्या-कळशीचा हिशेब मांडायचा. त्यात पाहुणीची आंघोळ बसवायची तर कुणाची तरी बुडते. घरधनी ओसरीवर बसून ‘अतिथी देवो भव’ म्हणतो. देवाचे कपडे मात्र सून धुते.

बरं, पाहुणी स्वतःचं ताट घासायला उठली तर? ‘राहू द्या हो ताई’ म्हणत ते हातातून काढून घेतलं जातं. याला आपण आदरातिथ्य म्हणतो. थोडं आहेही. पण आपला हात कायम वर ठेवण्याची हौसही त्यात असते. जिला काहीच करू दिलं जात नाही, ती दोन महिने राहूनही परकीच राहते.

घेणं किती अवघड असतं, हे मराठवाड्याला सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, ती म्हातारी माणसं आजही तिचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. पोट भरलं, पण तुम्हाला काय चालतं, हे कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा देणारा समोर नव्हता. आता देणारी आपल्याच घरात मांडी घालून जेवते आहे, तर निदान तोंडावर बोलता तरी येतं.

बाबा आमटे यांच्या आनंदवनात १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी तरुण श्रमदानाला आले. त्यांनी बांधकाम केलं. ते काय, गवंड्यांनीही केलं असतं. पण ही मंडळी कुष्ठरुग्णांनी पिकवलेलं बिनदिक्कत खातात, हे शेजारच्या वरोऱ्याच्या लोकांनी पाहिलं आणि ज्या भाजीला गिऱ्हाईक नव्हतं, तिला ते मिळू लागलं. ही हकीकत आपण कौतुकानं सांगतो. मला ती टोचते. शेजाऱ्याच्या हातची भाजी चालते, हे पटायला आपल्याला साता समुद्रापलीकडचं तोंड लागलं! पाहुणीचा मुक्काम कुठल्या आळीत ठेवायचा, हे ठरवताना गाव पक्क्या भिंती आणि संडास पाहतंच. आणखी काय पाहतं, ते गावालाच विचारा.

डॉ. मॅक्सिन बर्नसन अमेरिकेतून फलटणला आल्या त्या १९६० च्या दशकात, तिथल्या बोलीचा अभ्यास करायला. सेवेचा झेंडा घेऊन नव्हे, विद्यार्थी म्हणून. आधी फलटणकरांकडून त्यांची मराठी घेतली. मग तिथल्याच झाल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी केली. ज्यांच्याकडून भाषा घेतली, त्यांच्याच मुलांच्या लिहिण्या-वाचण्यात आयुष्य घातलं. असा क्रम असला की उपकाराची भाषा आपोआप गळून पडते.

सगळ्यांनी जन्मभर राहावं, असं कोण म्हणेल? दोन महिन्यांच्या पाहुणीला तेवढे दोनच महिने असतात. पण तिच्या संस्थेला एक गोष्ट सहज करता येईल. राहण्या-जेवणाचे म्हणून जे पैसे घराला द्यायचे, ते कुणाच्या खात्यात जातात, हे पाहावं. बचत गटांमुळे गावोगावच्या कितीतरी सुनांची स्वतःच्या नावाची खाती आहेत. पासबुकाची झेरॉक्स मागायला एक दिवससुद्धा लागणार नाही. घरधन्यांची कुरकुर मात्र आठवडाभर चालेल. ती चालू द्यावी.