आधी आतला गंज
आजचे वाचन: मत्तय २३:२५-२८

चुना लावलेली कबर बाहेरून छान दिसते. म्हणून प्रभू म्हणतो, आधी आतून स्वच्छ व्हा.

इथे फ्रान्समध्ये मी एक जुनी सित्रोएन २सीव्ही थोडक्या पैशांत दुरुस्त करतोय. १९४८ मध्ये लोकांसमोर आलेली ही साधी गाडी १९९० पर्यंत बनत होती. तिची चॅसी पेटीसारखी पोकळ. ओल आत साठते आणि लोखंड आतूनच सडतं. वरून रंग ठीक, पण स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार!

पैसे एकाच कामापुरते आहेत, रंग किंवा वेल्डिंग. पुट्टीने भोक बुजतं, पण पुट्टी भार पेलत नाही. म्हणून चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं, मगच नवा पत्रा जोडायचा. रंग पुढच्या वर्षी. या गाडीत माझी मुलं बसणार आहेत ना!

आपल्या जीवनाचंही तसंच. मनात धरलेल्या रागावर भक्तीची पुट्टी किती दिवस टिकणार? आपल्यावरही कुणाचा तरी भार असतोच. प्रभूला आतवर कापू द्या. दुखेल, पण तो जोडण्यासाठीच कापतो.

प्रार्थना: प्रभू, जे कुणाला दिसत नाही, तिथून आज सुरुवात कर. आमेन.